प्लस शून्य, मायनस बरंच

पुणे शहराचा आठवडा रविवारी थांबतो. भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात तो गुरुवारी थांबतो. सगळे कारखाने एकाच वारी बंद आणि बाकीचे सहा दिवस एकदम चालू, असं झालं तर विजेचा मेळ बसत नाही. म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वार वाटून दिले गेले आणि आमच्या वाट्याला गुरुवार आला. चाकणच्या बड्या कंपन्यांची कॅलेंडरं आता निराळी असतात; पण तारा, फीडर, ट्रान्सफॉर्मर यांच्या दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची तर ती बहुधा गुरुवारीच. सकाळचा चहा होईपर्यंत असते, मग जाते, दुपार कलल्यावर येते. इथल्या माणसाला त्याचं फारसं काही वाटत नाही. गुरुवार म्हणजे कपडे धुवायचे, केस कापून घ्यायचे, गावाकडे निवांत फोन करायचा.

घरात अंडी उबवायला ठेवलेल्या माणसाला मात्र वाटतं. कोंबडीच्या अंड्यातून पिल्लू बाहेर यायला २१ दिवस लागतात, आणि कुठल्याही वारी सुरुवात केली तरी २१ दिवसांत तीन गुरुवार येतातच.

या नादाची माणसं आमच्याकडे निघणं साहजिकच आहे. बीड, लातूर, धाराशिव, जळगाव, बुलढाणा इथून आयटीआय करून आलेली पोरं. हातात वायरिंग, कानात अजून गावाकडचं कोंबडं. खोलीत खुराडं ठेवायला घरमालक देत नाही, पण पलंगाखाली थर्माकोलचा खोका ठेवला तर कोण विचारतं? त्यात एक पिवळा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेला छोटा पंखा, एक डिजिटल टेम्परेचर कंट्रोलर, पाण्याची वाटी, आणि आत डोकवायला झाकणात बसवलेली काच. झालं इन्क्युबेटर. आमच्या खालच्या मजल्यावर असाच एक टूलरूमवाला राहतो. त्याच्या खोक्यातल्या प्रत्येक वायरला फेरूल आणि नंबर आहे, कनेक्शन सगळी टर्मिनल ब्लॉकवर. कंट्रोलरवरच्या आकड्यावर त्याचा विश्वास नाही, म्हणून आत आणखी एक थर्मामीटर टांगलेला. मोजणारं यंत्रच आधी तपासून घ्यायचं, ही सवय कंपनीतून घरी आलेली.

दुकानातली अंडी ठेवून कोणी पिल्लांची वाट बघत बसू नये, हेही इथं सांगून टाकतो, कारण ते करून बघणारे बरेच असतात. पोल्ट्रीत अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये कोंबडा नसतोच. ते अंडं खायला उत्तम, उबवायला निरुपयोगी. फलित अंडी हवीत तर खेड-जुन्नरकडच्या एखाद्या वाडीवरून गावरान आणावी लागतात, किंवा खडकीच्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात चौकशी करावी लागते. आणताना दुचाकीवर हिसके बसू द्यायचे नाहीत. चाकणच्या रस्त्यावर हे कसं जमवायचं ते ज्याचं त्यानं बघावं.

तर पहिल्या गुरुवारी वीज गेली आणि आमच्या टूलरूमवाल्याचा जीव खालीवर होऊ लागला. खोक्यातला आकडा ३७.५ वरून उतरायला लागला. छत्तीस, पस्तीस, चौतीस. त्यानं खोक्याला चादर गुंडाळली, पाणी उकळून बाटल्या भरल्या, दर पाच मिनिटांनी काचेतून बघू लागला. शेवटी गावाकडे आईला फोन. तिकडून आवाज इतका मोठा की जिन्यापर्यंत ऐकू यावा: "आरं, कोंबडी बी उठतीच की दाना खायाला! काय चोवीस तास बसून राहती का? तू गप बस जरा, सारखं झाकण उघडू नको."

बाईंचं म्हणणं पुस्तकातही तसंच आहे. खुडूक कोंबडी दिवसातून एक-दोनदा अंड्यांवरून उठते, दाणे टिपते, पाणी पिते, विष्ठा टाकते, मातीत अंग घोळवते आणि पंधरा-वीस मिनिटांनी, कधी अर्ध्या तासानं परत येते. तेवढ्यात अंडी गार पडतात. रोज पडतात. पिल्लं तरीही निघतात.

त्याच्याही आधीची गोष्ट बघा. कोंबडी दहा-बारा अंडी घालते ती एका दिवशी नव्हे. रोज एक, मध्ये एखादा खाडा. पहिलं अंडं दहा-बारा दिवस तसंच टोपलीत पडून असतं. अंडं बाहेर येतं तेव्हाच त्याच्या आत पेशींची वाटणी होऊन हजारो पेशींची बारीक चकती तयार झालेली असते. गारव्यात ती तिथंच थांबते. सगळी अंडी जमली, कोंबडी बसली, ऊब लागली, की सगळ्यांची वाढ एकदम सुरू होते आणि पहिलं-शेवटचं असा भेद न राहता पिल्लं साधारण एकाच दिवशी फुटतात. म्हणजे गारवा म्हणजे थांबायचं, हे अंड्याला आईच्या पंखाखाली जाण्याआधीपासूनच ठाऊक असतं. गारव्याची त्याला सवय आहे. उष्णतेची नाही.

इथंच मला हा विषय विचार करण्याजोगा वाटतो. कोंबडीच्या अंड्याला पंख्याच्या इन्क्युबेटरमध्ये ३७.५ अंश सेल्सिअस लागतात. तापमान तीन-चार तास ३२ पर्यंत उतरलं तर वाढ मंदावते, पिल्लं थोडी उशिरा येतात, एवढंच. उलट ते ४०.५ वर अर्धा तास गेलं, तरी आतल्या जिवावर गंभीर परिणाम होतो. खाली पाच अंश सोसतात, वर तीनही नाहीत. चाकणच्या कुठल्याही मशीन शॉपमधल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, कारण त्याच्या ड्रॉइंगवर रोज असं लिहिलेलं असतं: प्लस शून्य, मायनस वीस मायक्रॉन. शाफ्ट थोडा बारीक झाला तर बेअरिंगमध्ये बसेल. मायक्रॉनभर जाड झाला तर बसणारच नाही. दोन्ही बाजूंना सारखी सूट प्रत्येक जागी नसते. अंड्याचं ड्रॉइंग काढायचं झालं तर ते असंच काढावं लागेल, प्लस शून्य आणि मायनस बरंच.

आणि तरी आपण घाबरतो ते मायनसला. आकडा उतरायला लागला की हात शिवशिवतात. काहीतरी करावंसं वाटतं, आणि जे करतो ते सगळं ऊब वाढवण्याचं. वीज आल्यावर "भरून काढू" म्हणून सेटिंग अर्धा अंश वर नेणारे लोक मी पाहिले आहेत. मोठा बल्ब लावणारेही. अंडी गारव्यानं गेली असं ते सांगतात. फोडून बघितलं तर बहुतेक वेळा ती आपल्या काळजीनं शिजलेली असतात. पोरांच्या बाबतीत, आजाऱ्याच्या उशाशी, नव्या रोपाला पाणी घालताना आपण दुर्लक्षाची चूक फार मोठी धरतो आणि अतिकाळजीची चूक धरतच नाही. दुर्लक्ष झालं की लोक बोट दाखवतात. काळजी जास्त झाली तर कोण बोट दाखवणार?

पुण्याचा एप्रिल-मे ही या खेळाची खरी कसोटी. पत्र्याच्या खोलीत दुपारी पारा चाळिशीला टेकतो. कंट्रोलर आपलं काम चोख करतो, बल्ब बंद ठेवतो. पण बल्ब बंद असूनही आकडा चढतच राहतो, कारण खोलीच अंड्यापेक्षा गरम झालेली असते. बल्ब लावता येतो, पण ऊन विझवणार कसं? घरगुती इन्क्युबेटरमध्ये तापवण्याची सोय असते, थंड करण्याची नसते. ओलं फडकं, जमिनीवरची फरशी, माठाशेजारची जागा हे उपाय खरे, पण तोकडे. भरीला आणखी एक भानगड आहे. पहिले दहा-बारा दिवस अंडी ऊब घेतात, आणि त्यानंतर आतलं पिल्लू वाढू लागलं की ती स्वतःच ऊब सोडू लागतात. मोठ्या हॅचरीच्या यंत्रांत, जिथं हजारो अंडी एकत्र असतात, तिथं उत्तरार्धात हीटरपेक्षा थंड पाण्याच्या नळ्यांनाच जास्त काम पडतं. खोका तोच, अंडी तीच, आणि काम बरोबर उलटं झालेलं.

पिंपरीच्या उद्योगाची सुरुवातही अशाच एका जिवंत गोष्टीपासून झाली, हे आता फारसं कोणाच्या लक्षात नाही. मोटारी, स्कूटर, फोर्जिंग हे सगळं नंतरचं. १९५४ साली इथं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि टाक्यांमध्ये पेनिसिलिनची बुरशी वाढवली जाऊ लागली. ती बुरशीही वाढताना स्वतः उष्णता सोडते, आणि टाक्या थंड ठेवाव्या लागतात. ज्या जागेत आज वेल्डिंगचे रोबो हात हलवतात, तिथल्या औद्योगिक इतिहासाच्या पहिल्या पानावर एक बुरशी आहे.

त्याहून मौजेची गोष्ट थर्मोस्टॅटची. चाकणच्या पेंट शॉपमधल्या ओव्हनला, मोल्डिंग मशीनच्या बॅरलला, हीट ट्रीटमेंटच्या भट्टीला जो कंट्रोलर तापमान राखून देतो, त्याचा पूर्वज कोंबडीच्या अंड्यांसाठीही बनला होता. कॉर्नेलिस ड्रेबेल नावाचा डच कारागीर सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात होता. त्यानं भट्टीसाठी आणि अंडी उबवण्याच्या पेटीसाठी एक युक्ती केली: आत उष्णता वाढली की नळीतला द्रव फुगायचा, पारा वर सरकायचा, त्याच्यावरचा दांडा हवेची झडप लावायचा आणि आग आपोआप मंद व्हायची. माणसानं हात न लावता स्वतःला आवरणारं यंत्र, त्याच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी हे एक. पुढं फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाचा शास्त्रज्ञ झाला. यानं १७२२ साली लोखंडाचं पोलाद कसं करावं यावर पुस्तक लिहिलं आणि १७४९ साली अंडी कृत्रिम रीतीनं कशी उबवावीत यावर. एकाच माणसाच्या टेबलावर पोलाद आणि पिल्लू. आमच्या टूलरूमवाल्याच्या खोलीत यापेक्षा वेगळं काय आहे?

या दोघांच्याही हजारो वर्षं आधीपासून इजिप्तमध्ये मातीच्या विटांच्या भट्ट्यांत अंडी उबवली जात होती, आणि अगदी अलीकडेपर्यंत जात होती. तिथले कारागीर थर्मामीटर वापरत नसत. अंडं उचलायचं आणि मिटलेल्या पापणीला टेकवायचं. पापणीची कातडी पातळ. ऊब कमी-जास्त झालेली तिला लगेच कळते. हा धंदा बापाकडून मुलाकडे जायचा, आणि त्याच्याबरोबर पापणीची ती पारखही.

आपल्याकडे ही पारख कोंबडीकडेच राहिली, आणि मग तीही गेली. पुण्याचं नाव देशभरातल्या अंड्यांशी जोडलं गेलं ते १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज उभी केल्यावर; १९८२ साली त्यांच्याच पुढाकारानं राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली, आणि अंड्याचा भाव व्यापाऱ्यानं नव्हे तर उत्पादकांनी ठरवावा ही कल्पना रुजली. हे काम मोठंच. पण अंड्यांसाठी पाळलेल्या लेगहॉर्न वंशाच्या कोंबड्या खुडूक होत नाहीत. पिढ्यान् पिढ्या निवड करत करत ती वृत्तीच त्यांच्यातून काढून टाकली गेली. साहजिक आहे, खुडूक कोंबडी बसली की अंडी द्यायची थांबते, आणि धंद्याला ते परवडत नाही. बसणं यंत्राकडे गेलं, घालणं कोंबडीकडे राहिलं. कामाची अशी विभागणी चाकणला नवी नाही. खुडूकपणाची ऊर्मी जिथं अजून शिल्लक आहे ती गावरान कोंबडीत, आणि पलंगाखाली खोका ठेवणाऱ्या या पोरांत. तिसऱ्या पाळीवरून सकाळी आलेला माणूस झोपण्याआधी वाकून अंडी कलती करतो, तेव्हा तो काय करत असतो? कोंबडी दिवसभर चोचीनं अंडी फिरवत असते, म्हणजे आतलं बीज कवचाच्या पडद्याला चिकटत नाही. तेच हा तीन पाळ्यांच्या हिशेबानं करतो, दिवसातून तीनदा.

अठराव्या दिवशी मात्र फिरवणं बंद. ओलावा वाढवायचा आणि झाकण लावून टाकायचं. एव्हाना ५५ ग्रॅमचं अंडं ४८ ग्रॅमच्या आसपास आलेलं असतं; कवचाच्या हजारो बारीक छिद्रांतून पाणी उडून गेलेलं असतं आणि बोथट टोकाची हवेची पोकळी मोठी झालेली असते. पिल्लू आधी त्या पोकळीत चोच घालतं आणि तिथं पहिला श्वास घेतं. कवच अजून शाबूत असतं, आणि आतून चिवचिव ऐकू येते. मग चोचीवरच्या टणक कण्यानं कवचाला टोचा. त्यानंतर कधी बारा तास, कधी जवळजवळ दिवसभर काहीच घडत नाही. घडत नाही असं बाहेरून दिसतं. आत कवचाच्या पडद्यातलं रक्त हळूहळू अंगात ओढलं जात असतं आणि उरलेला बलक पोटात घेतला जात असतो. नवशिका इथं चिमटा घेऊन मदतीला जातो, पडदा फाडतो आणि रक्त येतं. बलक हा पिल्लाचा बरोबर आणलेला डबा. तो पोटात असेपर्यंत दोन-तीन दिवस त्याला दाणापाणी लागत नाही. कोंबडीखालची आधी फुटलेली पिल्लं उशिरा फुटणाऱ्या भावंडांसाठी थांबू शकतात ती यामुळं, आणि हॅचरीतली एक दिवसाची पिल्लं खोक्यात भरून शेकडो किलोमीटर पाठवता येतात तीही यामुळंच.

सगळी फुटत नाहीत. कितीही जपलं तरी काही अंडी पहिल्या आठवड्यातच थांबतात, काही शेवटच्या तीन दिवसांत, अगदी उंबऱ्याशी येऊन. या भागातल्या सुट्या भागांच्या कारखान्यांत फलक लागलेले असतात, दहा लाखांत किती नग बाद, आणि तो आकडा शून्याकडे न्यायचा. आमचा टूलरूमवाला सवयीनं न फुटलेल्या अंड्यांचीही कारणं वहीत लिहितो: अफलित, रक्तरेषा, ओलावा जास्त. काही अंड्यांपुढं तो नुसती आडवी रेघ मारतो. वहीतला तेवढा रकाना मला बाकी सगळ्यांपेक्षा प्रामाणिक वाटतो.

आणि जी फुटतात त्यांतली साधारण निम्मी नर. हे आधी कोणीच लक्षात घेत नाही. सहा-आठ आठवड्यांत तुरे लाल होतात आणि पुढं सोसायटीत पहाटे चारला बांग ऐकू येते. मग कमिटीची मीटिंग. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण कोंबड्याच्या विरुद्ध वापरतो, पण झाकलेलं कोंबडंही आरवायचं राहत नाही. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या शिम्मुरा आणि योशिमुरा यांनी २०१३ साली दाखवून दिलं की सतत अंधुक उजेडात ठेवलेले कोंबडेही पहाटेच्या सुमारास, उजाडण्याचा कसलाही इशारा नसताना, आरवतात. घड्याळ त्यांच्या अंगात असतं. आठवड्याला पाळी बदलणाऱ्या माणसाचं तसलंच घड्याळ केव्हाच बिघडलेलं असतं, आणि कमिटीकडे तक्रार घेऊन आलेला पहिला माणूस रात्रपाळीवालाच निघाला.

तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, गावाकडे जातात. एसटीच्या टपावर नाही, पायाशी ठेवलेल्या भोकं पाडलेल्या खोक्यात, आईकडे. आई त्यांना तिच्या खुराड्यात सोडते, आणि पुढल्या वर्षी त्यांतली एखादी खुडूक होते का याकडे तिचं लक्ष असतं. नरांना गावाला नेत नाहीत. चैत्र-वैशाखात खेड-मावळातल्या यात्रा सुरू होतात, गावरान कोंबड्याला मागणी असते, आणि टूलरूममधल्या कोणा मावळच्या मित्राच्या घरी पाहुण्यांची पंगत ठरलेली असते. ज्यानं हे प्राणी पापणी न लवता २१ दिवस काचेतून पाहिले, गुरुवारी त्यांच्यासाठी पाणी उकळलं, तो त्या पंगतीत बसला तरी रश्शाला हात लावणार नाही, असं आपल्याला वाटेल. लावतो. तिखट थोडं कमी पडलंय म्हणतो, आणि दुसऱ्यांदा वाढून घेतो.